निरोपाला सगळं गाव

त्या गावात सर्वांत जास्त गर्दी कुठे असते, असं विचारलंत तर शेंबडं पोरसुद्धा सांगेल, की विमानतळावर. बाजार दुपारी ओस पडतो, कचेऱ्या जेवणानंतर डुलक्या काढतात, पण विमानतळाच्या वेटिंग रूममध्ये टेकायला जागा मिळेल तर शपथ. कारण साधं आहे. तिथलं गार हवेचं यंत्र चालतं. गावात इतर ठिकाणीही अशी यंत्रं आहेत, पण ती तिथल्या साहेबांसारखी नुसती जागेवर असतात. तेव्हा परीक्षा जवळ आली की मुलं पुस्तकं घेऊन इथे येतात, निवृत्त मंडळी बुद्धिबळाचा पट मांडतात, बायका विणकाम आणि सुनांच्या तक्रारी घेऊन बसतात. पहाटे धावपट्टीवर पोट कमी करू पाहणारे लोक फिरतात आणि दुपारी तिथेच मोटार शिकवणारा आपल्या शिष्यांना गाडी सरळ कशी न्यावी हे समजावतो. सामानाच्या मोठ्या वजनकाट्यावर रद्दीचे गठ्ठे, बटाट्याची पोती आणि नुकतीच जन्मलेली बाळं यांची वजनं होतात. थोडक्यात, विमानतळावर सगळं चालतं. फक्त तिथून विमानाने कुणी कुठे जात नाही.

या पसाऱ्याचे कर्तेधर्ते म्हणजे विमानतळाचे अधीक्षक. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल तर असेल, गाव त्यांना धावपट्टीकर म्हणतं. माणूस एक आणि कामं सतरा. तिकीट तेच फाडणार, सामान तेच मोजणार, धावपट्टीवर शिरलेली गुरं तेच हाकलणार, आणि विमान उतरायच्या वेळी डोक्यावर लोखंडी टोपी चढवून आग विझवायच्या गाडीत तेच बसून राहणार. ती गाडी एरवी बागेला पाणी घालायची. आग कधी लागली नाही, त्यामुळे बाग मात्र झकास होती.

पण या सगळ्या कामांत त्यांचा जीव होता तो माईकमध्ये. रोज एकच विमान यायचं आणि अर्ध्या तासाने तेच परत जायचं, आणि तेवढ्यासाठी धावपट्टीकर घरी आरशासमोर उभे राहून घोषणेची तालीम करत. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' यातल्या 'कृपया'वर ते असा काही थांबत, की कॅन्टीनवाल्याच्या हातातला कप तिथेच राही. बायकोला तर सगळ्या घोषणा पाठ झाल्या होत्या. भाजी चिरताना ती नकळत पुटपुटायची आणि मग स्वतःवरच चिडायची.

विमानतळाचा इतिहास ते विचारणाऱ्याला सांगत, आणि न विचारणाऱ्याला जरा जास्तच सांगत. तो असा. कधीकाळी गावाजवळच्या नदीवर पूल बांधायचं ठरलं आणि भूमिपूजनाला मंत्र्यांना बोलावलं. मंत्री म्हणाले, पूलच नाही तर मी येऊ कसा? प्रश्न बिनतोड होता. म्हणून मंत्र्यांना येण्यासाठी आधी विमानतळ बांधायचं ठरलं. सरकारी काम ते, रमतगमत चालायचं. विमानतळ पुरा होईपर्यंत पूल कधीच बांधून झाला होता आणि मंत्रीही बदलले होते. नवे मंत्री पुलावरून मोटारीने आले, विमानतळाची फीत कापली आणि पुलावरूनच परत गेले. त्यानंतर बरीच वर्षं लोकांनी धावपट्टीवर मका वाळवला. मग पिकांवर औषध फवारणारं एक विमान आलं. त्याचा पायलट कानाने अधू होता आणि इंजिन बंद करायचा त्याला आळस होता. म्हणून त्या वेळच्या अधीक्षकांनी औषधाच्या पिंपांची वजनं लाउडस्पीकरवरून ओरडून सांगायची पद्धत पाडली. पुढे ते विमान गेलं, पायलट गेला, अधीक्षकही निवृत्त झाले. पद्धत तेवढी राहिली.

आताचं विमान प्रवाशांचं, पण अगदीच लहानखुरं. एका बाजूला जास्त भार झाला तर कलायचं, म्हणून प्रत्येक प्रवाशाचं वजन करून पायलटला कळवावं असा नियमच होता. नियम म्हटलं की धावपट्टीकरांच्या अंगात संचारायचं. प्रवाशाला सामानासकट काट्यावर उभं करायचं, मग नुसतं, आणि मग माईक तोंडाशी धरून आकडा जाहीर करायचा. एकदा सावकाश, आणि नीट ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा एकदा. लाउडस्पीकर चांगल्या प्रतीचा होता. वारा योग्य दिशेचा असला तर बाजारापर्यंत ऐकू जायचं.

गावापासून त्यांनी एकच गोष्ट लपवून ठेवली होती. ते स्वतः कधी विमानात बसले नव्हते. नोकरी लागली तेव्हा विमान नव्हतं, आणि विमान आलं तोवर गाव त्यांना त्यातला जाणता समजू लागलं होतं, त्यामुळे मी पहिल्यांदाच बसतोय असं म्हणायची सोय उरली नव्हती. शिवाय खरं सांगायचं तर, विमानाची चाकं जमिनीवरून सुटताना नुसती बघितली तरी त्यांच्या पोटात गोळा यायचा. कॅन्टीनमध्ये मात्र ते ढगांचं वर्णन करू लागले की लोक तोंडात बोटं घालत. वरून ढग म्हणजे निव्वळ पिंजलेला कापूस, हात बाहेर काढावा आणि उशी भरून घ्यावी, असं ते सांगत. बायको वर्षानुवर्षं एकच मागत होती, मला एकदा विमानात बसवा. त्यावर त्यांचं उत्तर तयार असे, की तुझा पहिला प्रवास माझ्याबरोबरच व्हायला हवा आणि मला रजा कुठे मिळते. ती रोज दुपारी त्यांचा डबा घेऊन यायची, विमान दिसेनासं होईपर्यंत कुंपणाशी उभी राहायची आणि मग डबा द्यायची. तोवर भाजी निवलेली असे, आणि त्यावरून ते कुरकुरत.

अशात एके दिवशी कंपनीच्या मुख्य कचेरीतून फोन आला. बोलणाऱ्या बाईंचा आवाज इतका गोड होता, की आपल्याला बढती मिळतेय अशीच धावपट्टीकरांची समजूत झाली. बाईंनी सांगितलं ते असं, की तुमच्याकडून विमान वरचेवर रिकामं परत येतं. हा महिना शेवटची संधी. महिनाअखेर तपासनीस येतील. तोवर विमान एकदा जरी रिकामं आलं तरी सेवा बंद, आणि तुमची बदली मुख्य कचेरीच्या तळघरात, हरवलेल्या बॅगा सांभाळायला. तळघरात माईक असतो का, हे विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण उत्तर माहीत असल्यामुळे त्यांनी विचारलं नाही.

रात्री जेवताना त्यांनी हे बायकोच्या कानावर घातलं. तिने आमटी वाढली आणि म्हणाली, "मग माझं विमानात बसणं राहिलंच की."

धावपट्टीकरांना याचा राग आला. इथे घरावर वीज कोसळते आहे आणि हिला सहलीचं सुचतंय. ते पाठ फिरवून झोपले, पण झोप काही लागली नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारचे हेडमास्तर सल्ला द्यायला हजर झाले. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे सल्ल्यांचा मोठा साठा पडून होता आणि गिऱ्हाईक मिळत नव्हतं. त्यांचं म्हणणं पडलं, की सगळा दोष बसचा आहे. बस घराशी सोडते, विमान शहराबाहेर उतरवतं, वेळ सारखाच, मग कोण कशाला विमानाने जाईल? यावर उपाय म्हणून विमानाला उठावदार रंग द्यावा, वेटिंग रूममध्ये बँड ठेवावा आणि प्रवाशांना फुकट चहा पाजावा. पहिल्या दोन गोष्टी धावपट्टीकरांच्या हातात नव्हत्या. तिसरीसाठी त्यांनी मुख्य कचेरीला विचारलं. उत्तर आलं, की नियमाप्रमाणे प्रवाशाला चहा फक्त विमानात देता येतो. विमानात द्यायला परवानगी द्या, असं कळवलं तर उत्तर आलं, की विमानात कप ठेवायला जागा नाही, सबब चहा देता येणार नाही.

तेव्हा त्यांनी घरचं माणूस गाठलं. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, अंगापिंडाने चांगला मजबूत आणि स्वभावाने भिडस्त. त्याला नाही म्हणता येईना. त्याच्या निरोपाला बारा गाड्या माणसं आली, कारण या गावात कुणी विमानाने जायचं म्हणजे निरोपाला सगळं गाव लोटतं. त्यात लोकांचं काही जात नाही आणि गार हवेत दुपार बरी जाते. मेहुणा काट्यावर चढला. धावपट्टीकरांनी खाकरून गळा साफ केला आणि आकडा जाहीर केला, नेहमीप्रमाणे दोनदा. वारा नेमका बाजाराच्या दिशेने होता.

संध्याकाळी मेहुणा बसने परत आला आणि स्टँडवर उतरतो न उतरतो तोच हमालांनी त्याला त्या आकड्याने हाक मारली. आठवड्याभरात सगळं गाव त्याला त्याच नावाने ओळखू लागलं. दुकानदार उधारीसुद्धा त्याच नावावर मांडू लागला. त्याने बहिणीच्या घरी येणं सोडलं.

"तुझ्या भावाला वरची हवा मानवली नाही," धावपट्टीकर बायकोला म्हणाले. "विमानात बसून आला की माणसाला शिष्टपणा येतो."

बायकोने त्यांच्याकडे बघितलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तोवर ते आरशासमोर 'कृपया' म्हणत होते.

पुढचे दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. उंबरे झिजवले, हातापाया पडले, जुनी ओळख काढली, नवी ओळख लावली. माणसं हो म्हणत, दुसऱ्या दिवशी नातेवाइकांचा लवाजमा घेऊन येत, आणि काट्यापाशी पोचली की काहीतरी बिनसायचं. पोस्टातल्या बाईंना नेमकं तिथेच गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं. पाववाला म्हणाला की आपल्याला उंचीची भीती वाटते, आणि हे तो वीतभर उंचीच्या काट्याकडे बघून म्हणाला. वकिलांनी काट्यावर उभं असताना एक हात भिंतीला टेकवलेला चालेल का, असा कायदेशीर मुद्दा काढला. हेडमास्तरांची बायको तर लेकीसुनांच्या गळ्यात पडून रडत रडत काट्यापर्यंत आली, काटा बघून जास्तच रडली, आणि सगळ्यांना घेऊन घरी निघून गेली. तिच्या मायेने धावपट्टीकरांचेही डोळे भरून आले.

शेवटी ऐनवेळी त्यांच्या जागी जात ती निरोपाला आलेली काटकुळी माणसं. शिंपी गेला, वाचनालयातला गृहस्थ गेला, नेहमी उपास करणारी एक आत्या गेली. हेडमास्तर स्वतः छडीसारखे होते, ते तर तीनदा जाऊन आले आणि प्रत्येक वेळी काट्यावर गरजेपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. त्यांचा आकडा जाहीर झाला की ते वेटिंग रूमकडे वळून मान लववत. यावरून धावपट्टीकरांनी एक सिद्धांत काढला, की सडपातळ माणसं जात्याच धाडसी असतात आणि जाड माणसांचा जीव घरात गुंतलेला असतो. हा सिद्धांत त्यांनी कॅन्टीनमध्ये बैठक जमवून मांडला. सगळे खाली मान घालून चहा पीत राहिले. त्यांना तोंडावर सांगणार कोण? गावात सगळ्यांत मोठा आवाज त्यांच्याच हातात होता.

असा महिना रेटला, पण अखेरच्या दिवसासाठी गावात बारीक माणूस उरला नाही. हेडमास्तरांना चौथ्यांदा विचारलं तर त्यांनी गुडघ्यांचं कारण पुढे केलं. तपासनीस तर उद्या येणार होते. धावपट्टीकरांच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हा कॅन्टीनवाल्याने सगळ्यांना जमवलं आणि ठणकावून सांगितलं, की विमान बंद झालं तर वेटिंग रूम बंद, वेटिंग रूम बंद झाली तर गार हवा बंद. उद्या प्रत्येकाने सुटकेस घेऊन प्रवाशासारखं यायचं. तपासनिसांचे डोळे दिपले पाहिजेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. धावपट्टीकरांना इतकं भरून आलं, की प्रवाशासारखं येणं आणि प्रवासी म्हणून येणं यात काही फरक असतो, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी विमान उतरलं आणि पायलटबाईंच्या मागोमाग त्यातून तपासनीस उतरले. वाळका, गंभीर माणूस, हातात कातडी बॅग. वेटिंग रूमचं दार उघडलं आणि ते उंबऱ्यातच थबकले. आत तिळाएवढी जागा नव्हती. प्रत्येकाच्या पायाशी सुटकेस, प्रत्येकाच्या अंगावर ठेवणीतले कपडे. मोटार शिकवणाऱ्याने तर गळ्यात दुर्बीण अडकवली होती. तपासनिसांचा चेहरा खुलला. "अहो, आमच्या कचेरीत उगीचच तुमच्याबद्दल गैरसमज आहे," ते म्हणाले, आणि धावपट्टीकरांची छाती दोन बोटं वर आली.

त्याच भरात त्यांनी माईक हातात घेतला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. विमान सुटण्याच्या तयारीत आहे. प्रवाशांनी कृपया वजनकाट्याकडे यावे."

कुणी उठलं नाही.

त्यांनी पुन्हा सांगितलं. पाववाल्याने वकिलांकडे बघितलं, वकिलांनी पोस्टातल्या बाईंकडे, बाईंनी छताकडे. जो तो दुसऱ्याने तिकीट काढलंय अशा समजुतीत होता. आपण फक्त शोभेला आलोय, जाणारा कुणीतरी असेलच. एवढ्या गर्दीत एकही जाणारा नसावा, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तपासनीस सुसंस्कृत होते. म्हातारीला उठायला त्रास होत असेल असं समजून ते एका आजीबाईंकडे गेले आणि त्यांची भलीमोठी सुटकेस उचलायला म्हणून वाकले, जोर लावला, आणि सुटकेस हवेत उडून त्यांच्या हनुवटीला लागली. खाली आपटून उघडली, तर आत एक उशी. बाकी कशाचाच पत्ता नव्हता.

आजीबाई म्हणाल्या, "मी फक्त बसायला आलेय, बाळा."

एकेक करून खरं बाहेर पडलं आणि तपासनिसांचा चेहरा पुन्हा कातडी बॅगेसारखा बंद झाला. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, बाहेर उभ्या रिकाम्या विमानाकडे बघितलं, आणि आपल्याला वाईट वाटतं पण कळवावं लागेल असं हळू आवाजात सांगितलं. धावपट्टीकरांना समोर तळघर दिसू लागलं. तरी ते पुढे झाले आणि म्हणाले, "मी जातो. मला प्रवासी धरा." आयुष्यात त्यांनी एवढी हिंमत कधी केली नव्हती. तपासनीस म्हणाले, कंपनीच्या नोकराला प्रवाशांत धरत नाहीत, तुम्हीही नाही आणि मीही नाही. ते ऐकून धावपट्टीकरांच्या काळजाचं ओझं उतरलं, आणि ओझं उतरल्याची इतकी लाज वाटली, की त्यांना वर बघवेना.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत त्यांची बायको पुढे आली. हातात नेहमीचा डबा. तिने तो काउंटरवर ठेवला, पदर खोचला आणि म्हणाली, "माझं तिकीट फाडा."

तुझा पहिला प्रवास माझ्याबरोबर, वगैरे काहीतरी धावपट्टीकर पुटपुटले, पण तिने हात पुढे केला होता तो मागे घेतला नाही. त्यांनी तिकीट फाडलं. ती काट्यापाशी गेली. बाई अंगाने भरलेल्या, आणि हे लपण्यासारखं नव्हतं. वेटिंग रूममधल्या सगळ्या माना काट्याकडे वळल्या. पोस्टातल्या बाईंनी डोळे मिटून घेतले. ती काट्यावर चढली, काटा डुलला आणि स्थिरावला, आणि धावपट्टीकरांचा हात सवयीने माईककडे गेला.

"अहो," ती म्हणाली, "तो खाली ठेवा."

"अगं, नियम आहे. वजन पायलटला कळवायचं असतं."

"पायलटला कळवायचं असतं. गावाला नव्हे." तिचा आवाज चढला नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचला. "माझ्या भावाचं नाव काय होतं ते आता त्याच्या बायकोलासुद्धा आठवत नाही. ही सगळी माणसं बसला भीत नाहीत, विमानाला भीत नाहीत. तुमच्या त्या भोंग्याला भितात. आणि तुम्ही जाड माणसांचे सिद्धांत सांगत बसलात."

धावपट्टीकरांनी गर्दीकडे बघितलं. सगळ्यांनी नजरा चुकवल्या. पाववाला आपल्या पोटाकडे बघत होता. ते पायलटबाईंकडे वळले. त्या दारात उभ्या होत्या. कसंबसं हसू दाबत त्या म्हणाल्या, की आपण चिठ्ठीची वाट बघून दमलो, लाउडस्पीकर काही आपल्यासाठी नव्हे, इथली प्रथा असेल असं वाटून गप्प बसलो. तपासनिसांनी बॅगेतून नियमांचं पुस्तक काढलं, शोधलं, आणि लाउडस्पीकरचा उल्लेख कुठेही नाही असं जाहीर केलं. त्या बहिऱ्या पायलटसाठी पडलेली पद्धत धावपट्टीकर एवढी वर्षं छातीठोकपणे पाळत आले होते, आणि ऐकत होतं ते फक्त गाव. ते कानापर्यंत लाल झाले. भर सभेत, तीही बायकोकडून, अशी त्यांची शोभा कधी झाली नव्हती.

पण माणूस अगदीच वाईट नव्हता. त्यांनी माईकचं बटण बंद केलं. कागदाचा कपटा घेतला, काट्याकडे बघितलं, आकडा लिहिला, चारदा दुमडला आणि स्वतः चालत जाऊन पायलटबाईंच्या हातात दिला. परत येऊन खाली मान घालून बायकोला म्हणाले, "या. झालं."

तिला 'या' म्हटल्याचं त्यांच्या लक्षात आलं नाही. तिच्या मात्र आलं.

ती काट्यावरून उतरते न उतरते तोच हेडमास्तरांच्या बायकोने विचारलं, की आणखी जागा आहेत का. मग पाववाला उठला. मग पोस्टातल्या बाई, दूध-बिध काही न आठवता. वकिलांनी दोन्ही हात मोकळे सोडून वजन करून घेतलं. आजीबाईंनी उशी पुन्हा सुटकेसमध्ये भरली आणि जोरात सांगितलं, की मी आता बसायला नाही, जायला आलेय. चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या दुमडल्या जात होत्या आणि पायलटबाई कुणाला डावीकडे, कुणाला उजवीकडे बसवत होत्या. शेवटची जागा भरली तेव्हा दाराशी फक्त तपासनीस उरले. त्यांची परतीची जागा आजीबाईंना गेली होती. नाइलाजाने ते बसने निघाले, आणि पुढे अहवालात त्यांनी दोन गोष्टी लिहिल्या. एक, की विमान गच्च भरून गेलं. दोन, की बस विमानाच्या आधी पोचली. कचेरीने पहिलं वाक्य ठेवलं आणि दुसरं खोडलं.

निरोपाला त्या दिवशी जमिनीवर अर्धंच गाव उरलं होतं. कुंपणाशी धावपट्टीकर एकटेच उभे राहिले, विमान दिसेनासं होईपर्यंत. मग आत जाऊन डबा उघडला. भाजी निवली होती. त्यांनी मुकाट्याने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी ती विमानानेच परत आली. केस विस्कटलेले, चेहरा असा काही उजळलेला, की लग्नातसुद्धा त्यांनी तो तसा बघितला नव्हता. संध्याकाळी घरी तिने चहा केला, बिस्किटं काढली. मग म्हणाली, "तुमचे ढग चुकलेत."

धावपट्टीकरांचा कप हातातच राहिला.

"कापूस कसला? वरून ते भाताच्या पेजेसारखे दिसतात. उकळी आलेल्या. आणि खिडकी उघडतच नाही, तर हात बाहेर कुठून काढता?" तिने त्यांच्या बशीत आणखी एक बिस्कीट ठेवलं. "मला आधीपासून ठाऊक होतं, अहो. विमान उडताना तुम्ही डोळे मिटून घेता ते कुंपणापासून दिसतं. कुणाला बोलले नाही मी. पण आता रजा घ्या. माझा पहिला प्रवास तुमच्याबरोबर व्हायचा राहिला, आता तुमचा तरी पहिला माझ्या देखत होऊ द्या."

त्यांनी पुष्कळ टाळाटाळ केली. पोट बिघडलं, चष्मा हरवला, रजेचा अर्ज कुणाकडे पाठवायचा हेच विसरले. पण बायकोने कचेरीतल्या गोड आवाजाच्या बाईंना फोन लावून रजा मंजूर करून घेतली, आणि एक दिवसासाठी काउंटर सांभाळायची परवानगीही. ती बातमी कॅन्टीनमधून गावभर झाली. त्या दिवशी विमानतळावर पाय ठेवायला जागा नव्हती. मेहुणासुद्धा आला होता, आणि सगळ्यांत पुढे उभा होता.

धावपट्टीकर मात्र कुठे दिसेनात. शेवटी लाउडस्पीकर खरखरला आणि बायकोचा आवाज आला. घोषणा त्यांचीच होती, थांबण्याच्या जागासुद्धा त्यांच्याच. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. एक प्रवासी स्वच्छतागृहात लपले आहेत. त्यांनी कृपया वजनकाट्याकडे यावे. त्यांच्यासाठी खिडकीची जागा राखून ठेवली आहे."

ते बाहेर आले. घामाने डबडबलेले, रुमाल हातात पिळलेला. काट्यावर चढले आणि केविलवाण्या नजरेने बायकोकडे बघू लागले. तिने कागदाचा कपटा घेतला, आकडा लिहिला, चारदा दुमडला. त्यांच्या जिवात जीव आला. मग तिने गर्दीत उभ्या असलेल्या भावाकडे बघितलं, क्षणभर विचार केला, आणि माईक उचलला.

आकडा इथे देत नाही, उगीच कुणाच्या वर्मावर बोट कशाला ठेवायचं. तिने तो दोनदा सांगितला एवढं खरं. वारा बाजाराच्या दिशेने होता.

टाळ्यांचा आणि हसण्याचा गजर विमानाच्या पायऱ्यांपर्यंत त्यांच्या पाठीमागे येत राहिला. आत बसल्यावर पायलटबाईंनी त्यांचा पट्टा आवळून दिला. चाकं सुटली आणि नेहमीप्रमाणे त्यांनी डोळे घट्ट मिटले. मग त्यांना आठवलं, की कुंपणापासून दिसतं. म्हणून एक डोळा उघडला. खाली त्यांचा विमानतळ होता, हाताच्या तळव्यावर मावेल एवढा, आणि कुंपणाशी एक ठिपका हात हलवत होता. तो ठिपका दिसेनासा होईपर्यंत ते बघत राहिले. नंतर ढग आले. अगदी उकळत्या पेजेसारखे.

उतरल्यावर कॅन्टीनमध्ये काय सांगायचं, हे त्यांनी तेवढ्यात ठरवून टाकलं. कापूस.